प्रस्तावना : गुण कशाला द्यायचे?

महाराष्ट्रातल्या शाळेत मूल सहावीत गेले की विज्ञानाची एखादी तरी स्पर्धा त्याच्या वाट्याला येतेच. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जाणारे विज्ञान प्रदर्शन असते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना असते, त्याच विभागाने १९९३ पासून देशभर नेलेली बालविज्ञान परिषद असते, आणि ज्यांची मजल त्यापुढे जाते त्यांच्यासाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून जाणारा ऑलिंपियाडचा रस्ता असतो. या स्पर्धांची माहिती, प्रकल्पाचा विषय कसा निवडावा, नोंदवही कशी ठेवावी, परीक्षकांसमोर कसे बोलावे, हे सगळे या पुस्तकात पुढे सविस्तर आले आहे. प्रस्तावनेत मला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. या स्पर्धा गुण देतात ते कशाला?

प्रश्न केवळ परीक्षकांच्या कामाचा वाटेल, पण तो तसा नाही. वर्गातला विज्ञानाचा तास पाठ्यपुस्तक ठरवते. शाळा सुटल्यानंतर उत्साही शिक्षक आणि उत्सुक मूल काय करत बसतात, हे मात्र स्पर्धा ठरवते. ज्याला गुण आहेत त्याची तयारी होते, ज्याला नाहीत ते आपोआप गळते. पालक क्लास शोधतात तेही त्याच मापाने, आणि प्रकाशक मार्गदर्शके छापतात तीही त्याच मापाने. म्हणून स्पर्धा ही नुसती हुशारी मोजण्याची पट्टी राहत नाही, ती हजारो घरांसाठी विज्ञानाची व्याख्या होऊन बसते. माझे म्हणणे असे की ही व्याख्या आपण बरीच चुकीची होऊ दिली आहे. निरीक्षण, मोजमाप, शंका आणि नोंद ही विज्ञानाची मूळ कामे आहेत, आणि आपल्या बहुतेक स्पर्धांत मुलाला ती करून दाखवण्याची संधी अगदी शेवटी मिळते, तीही मूठभरांना. हा क्रम बदलता येतो, आणि बदलणे आवाक्यातले आहे.

एक साधा प्रयोग जवळून पाहू. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला लोखंडी नट बांधून दोलक केला आहे. त्याची वीस आंदोलने किती सेकंदांत होतात ते मुलीला स्टॉपवॉचने मोजायचे आहे. पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने उत्तर चाळीस सेकंदांच्या किंचित वर येते. तिची रीडिंग येतात ३९.८, ४०.३, ४०.१ आणि मग एकदम ३८.२. आता ती काय करते, यावर सारे अवलंबून आहे. एक मूल ३८.२ खोडून तिथे ४०.० लिहील, कारण ‘बरोबर’ उत्तर त्याला ठाऊक आहे. दुसरे मूल चारही आकड्यांची सरासरी काढून मोकळे होईल. तिसरे मूल थांबेल. इतर तीन आकडे एकमेकांपासून अर्ध्या सेकंदाच्या आत आहेत, मग हाच पावणेदोन-दोन सेकंदांनी का घसरला? एका आंदोलनाला दोन सेकंद लागतात, म्हणजे कुठेतरी एक आंदोलन कमी मोजले गेले असणार. आणि मग तिला आठवेल, की या खेपेला नट सोडताक्षणीच तिने ‘एक’ म्हटले होते. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे, परत आल्यावर ‘एक’. तिने मोजली ती एकोणीस आंदोलने, आणि एकोणीस आंदोलनांना ३८.१ सेकंदच लागायला हवेत. जे रीडिंग चुकीचे वाटत होते ते एका वेगळ्या प्रश्नाचे अगदी बिनचूक उत्तर होते.

या पाच मिनिटांत त्या मुलीने जे केले ते पूर्ण अर्थाने विज्ञान आहे. तिने विसंगती दडवली नाही, तिचे माप काढले, त्या मापावरून कारणाचा अंदाज बांधला आणि तो अंदाज आकड्याशी ताडून पाहिला. आता याच विषयावर स्पर्धेच्या प्रश्नपत्रिकेत काय येते ते पाहा. ‘दोलकाची लांबी चौपट केली तर आंदोलनाचा वेळ किती पट होईल?’ आणि खाली चार पर्याय. प्रश्न वाईट नाही. पण त्याचे उत्तर ‘दुप्पट’ हे ज्याने सूत्र पाठ केले आहे त्याला दहा सेकंदांत देता येते, आणि ज्या मुलीने ३८.२चा छडा लावला तिला कदाचित सूत्रच माहीत नसेल. चाळणी अशी लावली तर ही मुलगी खाली पडते. पुढच्या फेरीत प्रात्यक्षिक असते हे खरे, पण त्या फेरीपर्यंत ती पोचतच नाही.

बहुपर्यायी प्रश्नातून विचार तपासताच येत नाही, असे मी म्हणत नाही. वरची चार रीडिंग छापून ‘चौथे रीडिंग असे येण्याचे सर्वांत संभाव्य कारण कोणते?’ असे विचारता येते, आणि तो उत्तम प्रश्न होईल. असे प्रश्न काढणे कष्टाचे असते, एकेका प्रश्नावर दोन-तीन शिक्षकांना तास-तास बसावे लागते, आणि ते मार्गदर्शकात एकदा छापून आले की पुढच्या वर्षी त्यांची धार जाते. म्हणून प्रश्नसंच हळूहळू माहितीच्या प्रश्नांकडे झुकतो. शोध कोणी लावला, एकक कोणते, व्हिटॅमिनच्या अभावी कोणता रोग होतो. यात कोणाची बदमाशी नाही. मुले हजारोंनी येतात, निकाल वेळेत लावायचा असतो, हरकती घेणाऱ्या पालकांना उत्तर द्यायचे असते. सोयीचा हा उतारच असा आहे की स्पर्धा आपोआप त्यावरून घरंगळते.

हा उतार नवा नाही, आणि त्याची सर्वांत बोलकी साक्ष राष्ट्रीय पातळीवरच मिळते. एनसीईआरटीने १९६३ साली दिल्लीत प्रायोगिक रूपात आणि पुढच्याच वर्षापासून देशभर राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा सुरू केली. शिष्यवृत्त्या होत्या ३५०. लेखी परीक्षेबरोबर मुलाला वैज्ञानिक विषयावर निबंध लिहावा लागे, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे आणि मुलाखतही होई. मूलभूत विज्ञानाकडे वळणारी मुले शोधावीत, हा हेतू स्पष्ट होता. १९७६ साली शिक्षणाचा आकृतिबंध बदलला तशी परीक्षाही बदलली. तिच्यात सामाजिक शास्त्रे आली, अभियांत्रिकी आणि वैद्यकीकडे जाणाऱ्यांनाही शिष्यवृत्ती मिळू लागली, नावातला ‘विज्ञान’ हा शब्द गेला आणि प्रकल्पही गेला. कालांतराने मुलाखतही राहिली नाही. उरली ती एका दिवसाची बहुपर्यायी परीक्षा, आणि तिच्याभोवती क्लासची मोठी बाजारपेठ. २०२१नंतर ती योजनाच थांबली. पण या बदलाची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी मला सोयीचा तेवढाच इतिहास सांगितल्यासारखे होईल. जुनी परीक्षा इंग्रजीत होती. बदललेली परीक्षा भारतीय भाषांत देता येऊ लागली. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत लिहू शकणारे मूल १९६५ साली कोणत्या घरातले असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. म्हणजे प्रकल्प काढून टाकल्यावर विज्ञान पातळ झाले, पण दारही थोडे रुंद झाले. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्याच आहेत असे आपण तेव्हापासून धरून चाललो आहोत. प्रयोग म्हणजे श्रीमंत शाळांचा मामला, आणि गरीब मुलाला न्याय हवा तर काळे करायचे गोल. माझा मुख्य आक्षेप या गृहीतकाला आहे.

हे गृहीतक खोटे असल्याचा पुरावा मुंबईतच आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून सुरू झाले, आणि त्याचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी सुरुवातीलाच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या मराठी शाळांत काम उभे केले. तिथे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे दिसले ते आजही पचायला जड जाते. मुलांना विज्ञान कठीण जात होते त्याला पाठ्यपुस्तकाची भाषा मोठ्या प्रमाणात कारण होती. वाक्ये लांब, शब्द संस्कृतप्रचुर, रचना मुलाच्या बोलण्यापासून फार दूर. भाषा सोपी केली की तेच मूल तीच संकल्पना पकडत होते. पुढे कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या, वंचित घरांतल्या मुलांबरोबर गुणवत्ता शोधण्याचा आणि जोपासण्याचा कार्यक्रम चालवला. त्याच्या नावातच शोधाइतकाच भर जोपासण्यावर होता. भाषेचा पाया पक्का करून दिला, प्रश्न विचारायची मुभा दिली, हाताने काम करू दिले, आणि ही मुले पुढे सरकली. जो अडथळा बुद्धीचा समजला जात होता तो भाषेचा आणि संधीचा होता. याचा स्पर्धेसाठी अर्थ असा, की गरीब मुलाला मागे खेचण्यात लेखी प्रश्नाच्या शब्दांचा वाटा प्रयोगापेक्षा मोठा असू शकतो. दोरा आणि नट जिल्हा परिषदेच्या शाळेतही असतात. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही’ हे वाक्य मात्र पुण्यातल्या मुलालाही दोनदा वाचावे लागते.

सर्वांत कडक मानल्या गेलेल्या स्पर्धा भाषेबाबत काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड १९६७ साली वॉर्सात सुरू झाले, रसायनशास्त्राचे त्याच्या पुढच्या वर्षी प्रागमध्ये. तिथे प्रत्येक देशाच्या संघाबरोबर आलेले शिक्षक परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिकेवर चर्चा करतात आणि मग आपापल्या मुलांच्या भाषेत तिचे भाषांतर करतात. हे काम कित्येकदा पहाटेपर्यंत चालते. विद्यार्थ्याची परीक्षा भौतिकशास्त्रात व्हावी, परभाषेत होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि गुणांची वाटणी? भौतिकशास्त्रात पन्नासांपैकी वीस गुण प्रयोगाला, त्यासाठी स्वतंत्र पाच तास. रसायनशास्त्रात शंभरांपैकी चाळीस. जीवशास्त्रात प्रात्यक्षिक आणि लेखी यांना जवळजवळ सारखे वजन. म्हणजे जगातल्या निवडक मुलांची निवड करतानाही प्रयोग हा शोभेचा भाग मानलेला नाही. भारताची कामगिरी तिथे उत्तम आहे. २०१५ साली भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच भरले, आणि २०१८ साली लिस्बनमध्ये भारताच्या पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके मिळवली. पण आपल्या देशात त्या संघापर्यंत जाणारी वाट पुन्हा लेखीनेच सुरू होते. पहिली फेरी लेखी, दुसरी फेरीही लेखीच्या अंगाने जाणारी, आणि प्रयोगशाळेत मनासारखे काम करायला मिळते ते तिसऱ्या टप्प्यावरच्या शिबिरात, प्रत्येक विषयाच्या काही थोड्या मुलांना. शिबिर चांगलेच असते. अडचण एवढीच की तिथे जे घडते त्याची सावली खालच्या शाळांवर पडत नाही. खाली पडते ती पहिल्या फेरीची.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची रचना या बाबतीत बरीच शहाणपणाची आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. शिक्षकांनी शिक्षकांच्या बळावर उभी केलेली आणि चार दशकांहून अधिक काळ टिकलेली अशी दुसरी स्पर्धा आपल्या राज्यात शोधावी लागेल. ती मराठीत देता येते. लेखीनंतर प्रात्यक्षिक, त्यानंतर कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. म्हणजे मोजणे, शोधणे आणि सांगणे या तिन्हींना तिच्यात जागा आहे. तरीही जागांचा क्रम तोच आहे. बसणाऱ्या मुलांतली बहुसंख्य मुले पहिल्या लेखी फेरीतच थांबतात, आणि त्यांच्यापुरती स्पर्धा म्हणजे ती एक प्रश्नपत्रिका. क्लासच्या जाहिरातीत प्रात्यक्षिकाची तयारीही असते, पण लेखी निघाल्यावर. कृतिसंशोधन प्रत्येक शाळेने आधी आपल्या स्तरावर करून घेतले आणि लेखीला बसण्याची पात्रता त्यावर ठेवली, तर त्याच स्पर्धेचा परिणाम किती बदलेल याची कल्पना करून पाहावी.

हे जमते का, याचे उत्तर बालविज्ञान परिषदेने पुष्कळ अंशी दिले आहे. दहा ते सतरा वयाची मुले लहान गटाने काम करतात, एक मार्गदर्शक असतो, विषय आपल्या परिसरातला घ्यायचा असतो, आणि अहवाल व सादरीकरण आपल्या भाषेत करता येते. शाळेत नाव असलेच पाहिजे अशी अटही नाही. दोन वर्षांसाठी एक व्यापक सूत्र दिले जाते आणि मुले त्याखाली स्वतःचा प्रश्न शोधतात. इथे प्रवेशद्वारच काम आहे. एक उदाहरण कल्पनेने रचून पाहू, पण त्यातले प्रत्येक पाऊल कोणत्याही गावात पडू शकते. बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, ही घरातली नेहमीची तक्रार. मुले बोअरचे, विहिरीचे आणि साठवलेले पावसाचे पाणी सारख्या मापाने बाटल्यांत घेतात आणि साबणाचे पाणी थेंब-थेंब टाकून हलवतात. एक मिनिट टिकणारा फेस यायला किती थेंब लागले, ते मोजायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घरातली धुण्याची पावडर घेतली, तर तिन्ही बाटल्यांत जवळपास सारखाच फेस. प्रयोग फसला असे त्यांना वाटते. दुसऱ्या दिवशी कपड्यांचा जुन्या पद्धतीचा साबण किसून घेतला, तेव्हा पावसाच्या पाण्याला अगदी थोडे थेंब पुरले आणि बोअरच्या पाण्यात फेसाऐवजी पांढरा गाळ साचला. मग बोअरचे पाणी उकळून, निवळून पुन्हा मोजले. थेंब कमी लागले, पण पावसाच्या पाण्याइतके कमी नाही. म्हणजे दुष्फेनपणाचा एक भाग उकळल्याने गेला, एक राहिला. पातेल्याच्या तळाचा पांढरा थर कुठून येतो हेही त्यातच कळले. आता या नोंदवहीतले सर्वांत मोलाचे पान कोणते? माझ्या मते पहिल्या दिवसाचे. फसलेल्या प्रयोगाने त्यांना सांगितले की पावडर आणि साबण ही वेगळी रसायने आहेत. ते पान फाडून टाकले नसेल तरच हे कळते, आणि गुण फक्त शेवटच्या तक्त्याला असतील तर ते पान फाडले जातेच.

आपली प्रदर्शने इथे वेगळ्या दिशेने चुकतात. तिथे मुलाच्या हाताला काम आहे, पण मान आहे तो वस्तूला. पवनचक्कीची प्रतिकृती, सेन्सर लावलेली कचरापेटी, पाऊस आला की आपोआप मिटणारे छत. इन्स्पायर-मानकमध्येही मूल कल्पना पाठवते आणि निवड झाली तर ती साकारण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. एखाद्या गावातल्या मुलीच्या कल्पनेवर सरकारने पैसे लावणे ही फार चांगली गोष्ट आहे. पण उपकरण बनवणे आणि एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे शोधून काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याला दाखवण्यासारखी वस्तू नसते. पाण्याच्या थेंबांची वही टेबलावर ठेवली तर तिच्यापुढे कोणी थांबत नाही. शेजारच्या टेबलावर दिवा लागतो, मोटार फिरते, पाहुणे तिथे वळतात. परीक्षकही माणूसच असतो. वस्तूला मान असला की ती विकतही मिळू लागते, आणि प्रदर्शनाच्या हंगामात तयार मॉडेलांची दुकाने कशी चालतात हे शहरातल्या पालकांना सांगायला नको.

यातूनच पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. लेखी परीक्षेत निदान मूल स्वतः उत्तर देते. प्रकल्प तर वडिलांनी, काकांनी किंवा दुकानदाराने केलेला असतो. मग खरी परीक्षा कोणती? याला उत्तर आहे, पण ते प्रकल्प रद्द करणे नव्हे. कामाऐवजी कामाची नोंद तपासावी. कोणत्या तारखेला काय मोजले, कोणते रीडिंग विचित्र आले, त्याचे काय केले, साबण का बदलला, एवढे चार प्रश्न मुलाला वही उघडी ठेवून विचारले की दहा मिनिटांत काम कोणाचे ते कळते. विकत घेतलेल्या मॉडेलला पहिला दिवस नसतो, त्याला फक्त शेवटचा दिवस असतो. शिवाय प्रश्न गावच्या विहिरीचा असेल तर तो दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. हजारो मुलांची प्रात्यक्षिके घ्यायची कशी, तपासणार कोण, आणि प्रत्येक परीक्षकाचा हात वेगळा पडला तर? हा आक्षेप घेणाऱ्यांनी होशंगाबादकडे पाहावे. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत करून पाहण्यावर उभे राहिलेले विज्ञान सुरू केले. १९७८ साली ते जिल्हाभर गेले, आणि पुढे एकलव्य संस्थेच्या काळात पंधरा जिल्ह्यांतल्या हजारावर शाळांपर्यंत पोचले. आठवीची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असे आणि तिच्यात प्रात्यक्षिकाला गुण असत. सरकारी शाळा, साधे शिक्षक, स्वस्त साहित्य. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, त्यावर बराच वाद झाला आणि तो वाद इथे उकरण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की अशी परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेता येते, आणि ती एखाद्या वर्षापुरती चमकून गेली नाही, कित्येक वर्षे घेतली गेली. परीक्षकांतला फरक राहतोच. पण तो दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण देऊन आणि नोंदवहीसाठी ठरावीक निकष ठेवून बराच कमी होतो. आणि एक गोष्ट विसरू नये. बहुपर्यायी परीक्षेत परीक्षकांत फरक नसतो हे खरे, पण चुकीची गोष्ट सगळ्यांनी सारखी मोजली म्हणून ती बरोबर ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे आणि तो विज्ञानाची मनापासून आवड असलेली माणसेच घेतात. विज्ञान मुळात सहकार्याने चालते, मग मुलांना त्यात एकमेकांविरुद्ध कशाला उभे करायचे? शंभरातली नव्वद मुले हरणार, आणि हरलेल्या मुलाच्या मनात विज्ञान म्हणजे आपल्याला न जमलेली गोष्ट एवढेच राहणार. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा दावाही करत नाही. अमेरिकेत टेक्सासमधले संशोधक फ्रेडरिक ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतल्या सायन्स फेअरवर विद्यार्थ्यांची मते गोळा केली आहेत. त्यांत स्वखुशीने भाग घेतलेल्या मुलांपैकी अधिक जणांनी सांगितले की त्यामुळे विज्ञानाची ओढ वाढली. सक्तीने आलेल्यांत हे प्रमाण कमी होते. आपल्याकडे शाळेची पटसंख्या दाखवण्यासाठी किंवा प्राचार्यांच्या आग्रहाखातर अख्खा वर्ग स्पर्धेला बसवला जातो, तिथे हे ध्यानात घ्यावे. पण स्पर्धा पूर्ण बंद करावी असे यातून निघत नाही. कित्येक खेड्यांतल्या शाळांत प्रयोगशाळेचे कपाट उघडते ते प्रदर्शनाच्या निमित्तानेच. शिक्षकाला रजा मिळते, प्रवासखर्च मिळतो, सरपंच येऊन पाहतो, मुलगी माइकवर आपले काम सांगते, ते स्पर्धा आहे म्हणून. हे निमित्त गेले तर त्याच्या जागी काही येईल याची खात्री कोण देणार? म्हणून मी मधला रस्ता सुचवतो. सहभाग आणि क्रमांक यांची फारकत करावी. तालुका पातळीपर्यंत क्रमांक नकोच. काम पूर्ण करून नोंदवहीसह मांडणाऱ्या प्रत्येक गटाला प्रमाणपत्र आणि परीक्षकाचा लेखी अभिप्राय. चढाओढ लागायची ती त्यानंतर, ज्यांना ती हवी आहे त्यांच्यात.

अत्युच्च गुणवत्तेचे काय, असेही विचारले जाते. ऑलिंपियाडला जाणारे मूल मागे पडणार नाही का? नाही पडणार. त्या मुलासाठी कडक लेखी परीक्षा राहोत, त्या असायलाच हव्यात. गणिताची तर दुसरी परीक्षाच होऊ शकत नाही. पण ते मूल दर हजारात एखादे असते, आणि त्याच्यासाठी बनवलेली चाळणी उरलेल्या सगळ्यांवर लावण्याचे कारण नाही.

या पुस्तकातले प्रकल्प याच विचाराने निवडले आहेत. प्रत्येकाला लागणारे साहित्य गावातल्या किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्रत्येकाच्या शेवटी उत्तर छापलेले नाही; त्याऐवजी ‘तुमचे रीडिंग असे का आले असेल?’ या मथळ्याखाली काही शक्यता दिल्या आहेत, कारण बहुतेक मुलांचा पहिला आकडा पुस्तकाशी जुळणार नाही. जून-जुलैत करायचे प्रकल्प पावसावर आहेत, म्हणजे ते अभ्यासक्रमाच्या मागे धावत नाहीत. शिक्षकांना एवढीच विनंती, की तालुका प्रदर्शनात टेबलावर मॉडेलच्या पुढे नोंदवही ठेवावी, पहिल्या पानापासून, खाडाखोडीसकट, आणि परीक्षकांना तिच्यातले निदान एक फसलेले पान मुलाला स्वतः वाचून दाखवू द्यावे.